जांभळा थर

नळी चिखलात उतरते तेव्हा आवाज होत नाही.
वर ओढताना होतो,
रुतलेला पाय म्हशीने उपसावा तसा.

भोक क्रमांक एकतीस. खोली दीड मीटर.
घणसोली, बंद कारखान्यामागचं खाजण.
ओहोटी सहा वीसची.
गमबुटात पाणी शिरलंय, पेन चालत नाही,
मी खिळ्याने पट्टीवर खूण करते.

ताडपत्रीवर नळी उभी चिरली
की खाडी कुशीवर वळते.
वर चार बोटं पिशव्यांच्या चिंध्या, केस, गाळ.
मग काळा, तेलकट, नाकात रॉकेलसारखा चढणारा.
त्याखाली जांभळा.
कुणी साडीचा काठ कातरून ठेवावा
इतका नीट.

प्रयोगशाळेत त्याला लांबलचक नाव आहे.
आमच्या घरी तो बाबांचा हात होता.

रंगखात्यात सव्वीस वर्षं.
पाळी बदलायची, नखांतला रंग बदलायचा नाही.
भात ते चमच्याने खायचे,
आम्हाला वाटायचं, काय साहेबी थाट!
उशीच्या अभ्र्यावर डोक्याएवढा डाग,
आई तो आतल्या बाजूला वळवून ठेवायची
पाहुणे आले की.
त्याच पगारातून माझी फी,
रसायनशास्त्राची जुनी पुस्तकं,
आणि आता ही नोकरी, जिच्यात मी
त्यांचा थर मोजते.
नऊ सेंटिमीटर.
आठवी ते बीएस्सी.

राखही आम्ही याच खाडीत सोडली.
तेव्हा काही मोजलं नव्हतं.

चांगीबाय मढवी बांधावर येऊन बसते रोज,
पालिकेच्या फलकाच्या सावलीत:
येथील मासे व चिंबोऱ्या खाऊ नयेत.
तिला वाचता येत नाही.
काय लिहिलंय ते ठाऊक आहे.
"कवरं खनलंस गो?"
दीड मीटर, मी म्हणते.
"आमी कोपरापरत हात घालाचू.
निवटी आपनच हातान येयाची."

तिला चिरलेली नळी दाखवली.
जांभळ्यावरून तिची नजर पुढे सरकली, थांबली नाही.
पार तळाशी निळसर करडा चिखल,
कालवांच्या चुऱ्याने खरखरीत.
तिथे बोट ठेवलं.
"ह्यो आमचा."
सातबाऱ्यावर ठेवावं तसं.

पोकलेन सोमवारी आलं.
चारशे बारा खेपा, ताडपत्री आवळून, तळोज्याकडे.
ऐनुद्दीन ट्रकवाल्याने शेवटच्या खेपेला विचारलं,
मॅडम, तिकडे करतात काय याचं?
पुरतात. खाली जाड प्लास्टिक, वर जाड प्लास्टिक.
"म्हणजे गादी घालून निजवतात,"
तो म्हणाला, आणि पावतीवर माझी सही घेतली.
पावतीवर वजन होतं, नाव नव्हतं.
तळोज्याच्या त्या कुंपणापलीकडेही
कुणीतरी बांधावर बसत असेल.
हे मी अहवालात लिहिलं नाही.
रकाना नव्हता.

उधाणाच्या दिवशी बांध फोडला.
नारळ, फोटो, दोन भाषणं.
पाणी आधी आलंच नाही.
मग एक बारीक जीभ आली, चाचपून मागे गेली,
परत आली.
सगळे चहाला निघून गेल्यावर
खरी भरती आत शिरली.

दोन वर्षांनी पुन्हा एकतीस.
नळी चिरली. तळाशी तोच करडा,
मध्ये बाहेरून आणून पसरलेली माती,
आणि वर दोन बोटं नवा गाळ, ओला, पातळ,
अजून कुणाचाच नाही.
तिवराची रोपं गुडघ्याला लागतात, थोडी मेलीत.
फलक तसाच आहे, एक खिळा निघालाय.

"घालू का हात?" चांगीबायने विचारलं.
निकाल यायचेत, आजी. पंधरा दिवस थांब.
तोवर तिने पदर खोचला होता.
कोपरापर्यंत हात आत,
तोंड वर, डोळे मिटलेले,
कुलपात किल्ली चाचपावी तशी.

सापडलं का, मी विचारलं नाही.
नळी खांद्यावर घेऊन
बत्तीसकडे गेले.