सातवी रेघ

जांबोटीच्या वरच्या सड्यावर गोल खळगा.
आभाळातनं धोंडा पडलाय, भरमाण्णा म्हणतो,
त्याच्या आज्यानं सांगितलेलं, कानडीत.

दोऱ्या ताणल्या. पट्टा, किल्ल्या, मोबाईल जीपमध्ये.
चुंबकमापक घेऊन चालताना
अंगावर लोखंड चालत नाही.

सातव्या रेघेवर आकडा उसळला.
माझा श्वास अडकला.
गवतात भरमाण्णाचा कोयता.

तो उचलून लांब जाऊन उभा राहिला,
तिथनंच ओरडला, "आता बघा!"

आता सगळं सपाट.
गुरुत्व मधोमध जरासं कमी,
तेवढं तर आतला जांभा झिजला तरी होतं.

जीपमध्ये सामान भरताना सांगितलं :
पडलं काहीच नसावं, अण्णा,
जमीनच बसत गेली असेल, हळूहळू.

कोयत्याची धार अंगठ्यानं चाचपत
तो खळग्याकडं बघत राहिला.
"म्हणजे आवाजसुद्धा झाला नाही?"