वांगं

डिसेंबरातली संध्याकाळ. शाळेच्या मागे
टिकाराम वारके कपाशीच्या काड्या पेटवतात
आणि बामणोदची वांगी, हिरवी, पांढऱ्या रेघांची,
एकेक करून आगीत सोडतात.
चीनहून आलेली अकरा मुलं
डोळे चोळतात, पण धुरातून हलत नाहीत.

भाषणं झाली.
त्यांच्या गुओबाई पुष्कळ वेळ बोलल्या,
मध्येच थांबून चष्मा पुसला.
पुण्याहून आलेल्या दुभाषी मुलीनं एवढंच सांगितलं :
त्या आभारी आहेत.
बाकीचं कुठे गेलं, मी विचारलं नाही.
माझंही भाषण तिकडे जाताना
असंच वाटेत सांडलं असणार.

चार दिवस मी हजेरी घेतली.
नववी ब, त्रेपन्न नंबरनंतर, लाल शाईनं :
लिऊ यान, हान शू, शेन पेइपेइ...
मी चुकायचो, वर्ग हसायचा,
ती उठून नाव नीट सांगायची, मी पुन्हा चुकायचो.
चेतश्री फिरके तिला सरळ पपई म्हणते.
आज दोघी एका सतरंजीवर,
कळण्याची भाकरी कशी मोडायची यावर
भांडण चाललंय, कुठल्या भाषेत कोण जाणे.

हिरव्या मिरचीनं हान शूच्या डोळ्यांत पाणी.
वारकेकाका म्हणाले, 'रडू नको रे भो,
गाडी त सकायची हाये.'
त्यानं मान हलवली,
आणि ताट पुढे केलं. अजून.

मग फोटो. बाकांवर बाकं, उंच मुलं मागे,
पायाशी कुणाचं तरी कुत्रं.
अकराजण एका दमात ओरडले : 'चिए-झ!'
म्हणजे काय?
दुभाषी हसू दाबत म्हणाली,
'वांगं. म्हणताना ओठ ताणले जातात ना,
तिकडे फोटोला सगळे हेच म्हणतात.'
क्षणभर कुणी काही बोललं नाही.
मग काका चिमटा टाकून
जमिनीवर बसून हसले :
'म्हंजे यायले आधीच ठावं होतं!'

पुन्हा एकदा. एक, दोन, तीन.
ते त्यांचं वांगं म्हणाले, आम्ही आमचं.

दुसऱ्या दिवशी हजेरीत, लाल नावांपुढे
मी काहीच लिहिलं नाही.
गैरहजर लिहायला हात होईना.

फोटो स्टाफरूमच्या कपाटावर आहे.
ते अकराही हसताहेत.
आमचं वांगं ओठ ताणत नाही, तोंड उघडं ठेवतं.
त्यामुळे आम्ही सगळे, काका, चेतश्री, मी,
काहीतरी सांगायला निघून
मध्येच थांबल्यासारखे दिसतो.