चारशेची लेन्स

मालेगावच्या मावसभावाची लेन्स, आठ दिवसांच्या बोलीवर.
शहाद्यात, स्टुडिओच्या गच्चीवर, कठड्याला
ज्वारीची अर्धी गोणी टेकवून
तिच्यात नळी रुतवून बसलोय पहाटेपासून.
स्टँड आहे, पण दोंडाईचा रोडने उसाचा ट्रक गेला
की अख्खी गच्ची शहारते,
आणि इथे केसाएवढं हललं
तर तिथे सातपुडा गावभर हलतो.

सहा चाळीस. पपईच्या बागांवर धुकं बसलेलं,
वर पहिली रांग, मग दुसरी, तिसरी.
निळीची पुडी एकदाच सोडून
त्याच बादलीत घरभराचे कपडे बुडवावेत
तशी पुढची गडद, मागची जेमतेम.

नळी फिरवतो. डोंगर चालत येतो
आणि पाण्याच्या टाकीच्या खांद्यावर हनुवटी ठेवतो.
लग्नात घसा सुकेपर्यंत म्हणतो मी, जवळ, अजून जवळ,
नवरा-नवरी सरकत नाहीत,
ह्या रांगा सरकतात, एकमेकींना खेटून.
श्वास धरतो.
खट्.

नऊनंतर काही उरत नाही.
कडे तव्यावरच्या हवेसारखे लवलवतात.

खाली शटर उचललं तर पायरीवर जामसिंग पावरा,
पोरीच्या दाखल्यासाठी आठ फोटो.
ती पडद्यापुढे ताठ बसली,
नजर माझ्याकडे नाही, नळीकडे.
सहज दाखवला त्याला सकाळचा डोंगर, कॅमेऱ्याच्या पाठीवर.
बराच वेळ पाहिलं त्याने.
मग अंगठ्याचं नख टेकवलं
दुसऱ्या नि तिसऱ्या रांगेच्या मध्ये,
जिथे नुसती रेघ होती.
"आमचं गाव इथं."
नख उचललं. खाली रेघच.

"लांब आहे का?"
"ह्याच्यात नाही," तो म्हणाला.
"पायी एक भाकर लागते.
मध्ये नदी आहे. तिथं बसून खायची,
मग चढायचं."
पोरगी म्हणाली, "दोन लागतात.
हा माझी पण खातो."

आठ चेहरे कापून पाकिटात घातले.
डोंगराचे पैसे कोण देणार,
तरी एक प्रत काढली, भिंतीला लावली,
आणि दिवसभर गिऱ्हाईक नसलं की
त्या रेघेशी जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी गोणी खाली आणली.
ज्वारीत नळीचा खड्डा तसाच.
बायको म्हणाली, "आते हाई दळाले लई जाऊ का?"
"लई जाय," म्हणालो.
ती जिना उतरत होती तेव्हा, मागून,
"सकायले एक भाकर जास्त टाक."