किरकोळ खर्च, रु. ३४०

ऑडिटर चौरागडे साहेब,
तुम्ही लाल पेनानं गोल केलाय:
किरकोळ खर्च, तीनशे चाळीस. तपशील?

आधी आमचं वर्ष समजून घ्या.
एप्रिल ते मार्च, बारा मात्रांचा एकताल.
तिसरी मात्रा खाली: जून.
शाळेची फी भरून आलेले पालक म्हणतात,
पेटीच्या क्लासचं पुढच्या महिन्यात देतो, मॅडम.
सातवी खाली: ऑक्टोबर.
दिवाळीच्या तोंडावर वर्गणी कोण मागणार?
तरी मात्रा मोजायची, हात उघडा ठेवून.

पगार मंडळात कोणालाच नाही.
हेडाऊ कोराडीची रात्रपाळी उतरून येतो,
सतरंज्या अंथरतो, मग तबल्याला हातोडी.
मी वीज मंडळातून निवृत्त, म्हणून वह्या माझ्याकडे.
महालातल्या शाळेचा हॉल अकराशे, पंख्यांचे वेगळे.
तंबोरा मिरजेला जाऊन आला: चार हजार दोनशे.
बसभाडं हेडाऊनं लावू दिलं नाही.
सिमेंटवाल्यांनी पंचवीस हजार कबूल केले होते,
पण गाणाऱ्या बाईंच्या डोक्यावर त्यांचं बॅनर हवं, दहा बाय चार.
बॅनर आलं. चेक आला नाही.
आता ते तंबोऱ्यावर पांघरलंय.

तर तीनशे चाळीस.
मे महिन्यातला दुसरा शनिवार, सेहेचाळीस डिग्री.
सूर्य मावळता मावळता बाईंनी मारवा धरला
आणि लाइन गेली.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
कूलर थांबला, माईक थांबला.
मागून कोणीतरी म्हणालं, "चालू राहू द्या ना बाप्पा."

निनाव्यांचा पोरगा सायकल दामटत गेला,
गोणपाटात बर्फाची लादी घेऊन आला.
घमेल्यात ठेवली, बाईंच्या पुढ्यात.
बर्फ दोनशे साठ, मेणबत्त्या ऐंशी.
बाई नुसत्या गळ्यानं गायल्या.
तेवीस माणसं. वारा घ्यायला उचललेल्या वह्या
हातातच राहिल्या.
मधे बाई श्वास घ्यायच्या
तेव्हा बर्फ तडकल्याचं ऐकू यायचं.

बर्फवाला पावती देत नाही.
आणि लादी तर तुम्हाला दाखवता येणार नाही.
रक्कम नामंजूर करा, मी पर्समधून भरते.
'किरकोळ' हा शब्द मात्र मीच लिहिला.
तेवढी चूक कबूल.

पंख्यांचे दीडशे शाळेनं त्या दिवशीही पूर्ण लावलेत.
त्याची पावती आहे. सोबत जोडली आहे.