तीन महिन्यांमागं

गंगावेशीत दुकान. दोन खुर्च्या, त्यातली एक डगमगती.
माणसाला स्वतःची टाळू दिसत नाही,
ती आधी मला दिसते.
कपाळाचे कोन मागं सरकायला लागले की कळतं,
गड्यात बाप उतरतोय.
सांगत नाही. मागं आरसा धरताना
जरा तिरका धरतो, एवढंच.

तालमीतलं पोरगं आलं होतं, अभिनंदन टिपुगडे,
कानामागं रुपयाएवढं चकचकीत गोल.
आजी म्हणाली किडा लागलाय, कांदा घासा.
घासून घासून कातडं सोलवटलेलं.
मी म्हटलं, किडा नाही रे, चाई आहे ही,
तुझंच रक्त तुझ्याच केसांशी कुस्ती धरतंय,
डॉक्टरला दाखव.
महिन्याला एकदा बारीक सुया टोचून घेतल्या त्यानं.
चौथ्या महिन्यात गोलात पांढरी लव आली, मग काळी.
पोरगं पेढे घेऊन आलं,
आणि मला वाटलं, मला डोकी कळतात.

फळीवर तेलाच्या बाटल्या होत्या,
हिरवा कागद, लाल बूच, अडीचशे रुपये.
आत काय ते इचलकरंजीच्या माणसालाच ठाऊक.
फौंड्रीतली पोरं पगाराच्या दिवशी न्यायची,
उरलेले केस मुठीत धरल्यासारखी.
मी विकायचो. साठ रुपये सुटायचे.

मग एकदा आमची मोरी तुंबली.
तार घातली तर निघाला लांब केसांचा गुंडा,
ओला, उंदराएवढा.
दिवसभर मी लोकांचे केस झाडून टाकतो,
हा मात्र हातात धरून उभा राहिलो.
शकू म्हणाली, "टाका की. लई दिस झालं, जातायत."

लई दिस.

तेवीस वर्षांत तिच्या डोक्याला हात लावला होता
तो नवऱ्याचा. न्हाव्याचा कधीच नाही.
त्या रात्री ट्यूबखाली बसवून भांग पाडला,
तर उसातल्या पाणंदीएवढा रुंद.

राजारामपुरीत, कितव्या तरी गल्लीत, मुजावर डॉक्टरीणबाई.
डोक्याकडं नंतर बघितलं. आधी विचारलं,
"तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"
"काय न्हाई."
बाईंनी पेन खाली ठेवलं. पंखा फिरत राहिला.
"काय न्हाई. आई गेली माझी.
गारगोटीला हुते, एकवीस रात्री उशाशी,
च्या नि खारीवर."
मग माझ्याकडं न बघता,
"आणि पाळी... दोन वर्सं झाली, लई जातंय."

गारगोटी मला माहीत होती.

बाई म्हणाल्या, केसाला बातमी उशिरा कळते.
घाव तेव्हाचा, गळती आत्ताची.
रक्त काढलं. लोहाचा साठा सहा.
गोळ्या सहा महिने, लिंबाच्या पाण्यासोबत,
गोळीच्या आगंमागं दोन तास चहा बंद
(ही शिक्षा शकूला सगळ्यात जड गेली),
आणि पोटाची सोनोग्राफी.
मी हळूच विचारलं, "तेल?"
"आमटीत घाला," म्हणाल्या.
बाप्यांच्या टकलाचं औषध निराळं,
लावत राहिलात तर टिकतं, सोडलं की जातं.
हे दुकानात सांगत चला, म्हणाल्या,
तुमच्याकडं माणूस माझ्याआधी येतो.

अकरा बाटल्या परत पाठवल्या.
दोन आहेत अजून. पैसे अडकलेत, खोटं का बोलू.
शकूच्या भांगाच्या कडेला बोटभर केस उभे राहिलेत,
चापून बसत नाहीत म्हणून ती वैतागते.
मोरीत अजून सापडतात, पण सुटे सुटे,
मोजता येतील इतके.
मोजतो.

काल शिरोलीचा एक मोल्डर आला, तिशीतला,
खिशात कागदाची पुडी, पुडीत गळलेले केस.
"मामा, तेल द्या की."
गालावर ब्रश फिरवता फिरवता मी विचारलं,
"तीन महिन्यांमागं काय झालतं?"
"काय न्हाई."

वस्तरा उचलला नाही.
त्याच्या गालावर फेस वाळत गेला.