इतर खर्च

मापुत्सोएला आमची भिशी आहे, मयताची.
महिन्याला वीस मालोटी. पावती नाही, वहीत टिंब.
पत्र्याची पेटी, तिला तीन कुलपं,
तीन किल्ल्या तीन बायकांच्या गळ्यात,
म्हणजे एकीला मोह झालाच
तर उरलेल्या दोघींना झोप लागायला हवी.
कोणी मेल्याशिवाय पेटी उघडायची नाही.
सोळा वर्षं पाळला हा नियम.

जूनमध्ये, मालुटीच्या डोंगरावर बर्फ पडलं त्या आठवड्यात
आम्ही नऊशे जणी यंत्रं बंद करून बाहेर आलो:
जीन्सचा डावा पाय शिवणाऱ्या, उजवा पाय शिवणाऱ्या,
जन्मभर नुसती बटणं ठोकणाऱ्या.
अकराव्या दिवशी मक्याचं पीठ संपलं.

म्हातारी मान्त्सेबो म्हणाली, उघडा.
अगं, पण कोणी मेलं नाहीये.
थांबा मग, ती म्हणाली, आठवडाभरात मरतील.
आणि स्वतःची किल्ली तिनं आधी लावली.

पेटी उघडली ही बातमी गावभर आमच्याआधी पोचली.
तळलेले माकोएन्या विकणारी दर पाचवा आमच्या घमेल्यात टाकू लागली.
लेरोथोलीने टॅक्सीचं शेवटचं भाडं दिलं, रोज.
वेल्कोमच्या खाणीतून कुणाच्या भावाने पाकीट धाडलं,
त्यावर नाव नव्हतं, काळा अंगठा होता.
फूल ना फुलाची पाकळी म्हणतात,
इथे देठ आला, पान आलं, काटाही आला:
मुकादमाच्या बायकोने मागल्या दाराने पीठ दिलं
आणि म्हणाली, माझं नाव घ्याल तर याद राखा.
दोन मालोटी देणारा एक म्हातारा दुसऱ्या दिवशी फाटकाशी हजर.
मला वाटलं, हिशेब मागायला आलाय.
त्याने घोंगडी सारखी केली
आणि चुलीपाशी बसून घेतलं. संप मिटेपर्यंत.

मारेइके आली विसाव्या दिवशी, तळ्याकाठच्या कुठल्या तरी श्रीमंत शहरातून.
तिच्या संस्थेचा अर्ज एकतीस पानांचा.
तुमचा बदलाचा सिद्धांत काय?
पुलेंग पातेलं ढवळत होती.
सिद्धांत नंतर, म्हणाली, आधी ताट धर.
बाई वाईट नव्हती. हाताने जेवली,
रात्रभर कंदिलाशी बसून अर्ज तिनेच भरला,
आणि परत जाऊन आपल्याच साहेबांशी भांडली, असं ऐकलं.

एकोणतिसाव्या रात्री मान्त्सेबो गेली.
झोपेत. किल्ली मुठीत.

पेटीत एक बटण होतं आणि दोन परदेशी नाणी.
कापडाचे गठ्ठे ज्या फळ्यांवर येतात
त्याच फळ्यांची शवपेटी केली,
एका फळीवर लांबच्या बंदराचं नाव छापलेलं, ते आत वळवलं.
खिळे उधार, मेंढी उधार.
जमीन गोठलेली. कुदळ आपटली की ठिणगी.
नऊशे जणींनी पाळीपाळीने खणलं,
म्हणून खड्डा जरा जास्तच खोल झाला.

चौतिसाव्या दिवशी मालकाने अर्धं मान्य केलं
आणि साठ जणींना कामावर घेतलं नाही.

संस्थेचा पैसा फेब्रुवारीत आला.
खोटं का बोलू?
त्याने एकही पातेलं चुलीवर चढवलं नाही,
पण तो नसता तर मासेरूच्या कोर्टाची पायरी
आम्हाला रस्त्यावरूनच दिसली असती.
वकील, बस, साठ जणींचं दोन वर्षांचं भाडं
पदरमोडीतून होत नाही. पदरच तेवढा नाही.
आणि मारेइकेने एक बरं केलं:
कशावर खर्च करायचा, हे आम्हाला ठरवू दिलं.
फक्त शेवटी रकाने भरायचे.

प्रवास. भोजन. कायदेशीर सल्ला.
उरले चारशे दहा मालोटी: खिळे, मेंढी, मेणबत्त्या.
मी फोन लावला. हे कुठे लिहू?
पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.
मग ती म्हणाली, इतर खर्चात लिहा.

लिहिलं. रकाना अरुंद होता,
मान्त्सेबोचं नाव त्यात मावेना,
शेवटची दोन अक्षरं समासात गेली.

तिची किल्ली आता माझ्या मुलीच्या गळ्यात आहे.
काल पेटीत अठ्ठेचाळीस मालोटी जमले.
कोणी मेलेलं नाही अजून.
नियम मात्र आम्ही वहीतून खोडलाय.