ताऱ्यांचा भाव

तिसरी ड. सोहार. दुपारची पाळी.
बाहेर बेचाळीस अंश, आत बेचाळीस मुलं,
आणि मधे एक एसी, माझ्यासारखाच
कुरकुरणारा, पण बंद न पडणारा.

तक्ता मीच लावलाय भिंतीवर:
हिरवा, पिवळा, लाल.
प्रत्येकाच्या नावाचा कपडे वाळत घालायचा चिमटा.
शांत बसलात, तर एक तारा.
दहा ताऱ्यांना एक खोडरबर, वासाचं.
शिबिरातल्या बाई म्हणाल्या होत्या,
शिक्षा देऊ नका, निवड द्या.
दिली.

तिसऱ्या आठवड्यात ताऱ्यांचा बाजार भरला.
शेवटच्या बाकावर मुझम्मिल परकार,
भूमितीच्या वहीला मागून रकाने आखलेले:
एका ताऱ्याला दोन बिस्किटं.
गुरुवारी तीन.
गुरुवारीच का रे?
"टीचर, पप्पा रेट चढायची वाट बघतात.
मी पण बघतो."

त्याला पिवळ्यावर सरकवला.
तो खाली वाकून पुटपुटला,
"तुझ्या नानाची टांग."

शेजारचा आदर्श नंबियार ताडकन उभा:
"टीचर, हा वाईट बोलला!"
काय बोलला?
"शब्द नाही कळला. पण वाईट होता."
एकेचाळीस चेहरे माझ्याकडे.
त्या अख्ख्या वर्गात, अख्ख्या मजल्यावर बहुधा,
ते वाक्य कळलेली मी एकटी,
आणि मी कळल्याचं कळलेला तो एकटा.

याच तीन शब्दांपायी
देवरुखच्या शाळेत मी तासभर अंगठे धरले होते.
पाठीवर पट्टी ठेवलेली,
पडली तर आणखी एक तास.
फरशीवरच्या मुंग्या मोजून झाल्या,
मग गुरुजींच्या चपलेचे टाके.
वळण लागलं म्हणतात मला त्याने.
मला आठवतात ते टाके. अकरा होते.

"त्याच्या आजोबांचा पाय दुखतोय,"
मी इंग्रजीत सांगितलं.
वर्ग हळहळला. कुणीतरी म्हणालं, गेट वेल सून.
मुझम्मिल बाकाखाली गेला
तो हसू आवरेपर्यंत वर आलाच नाही.

हे लिहिताना वाटतं, त्यानंतर तो सुधारला
असं लिहावं.
सोमवारी त्याने पाण्याच्या बाटलीचा फवारा केला.
मंगळवारी दोघांना एकाच चिमट्याने जोडलं, कानाला.
बुधवारी एसी खरंच बंद पडला,
आणि पाऊण तासाने माझ्या तोंडून निघालं,
मराठीत, पूर्ण आवाजात,
"गप्प बसा रे मेल्यांनो!"

गप्प. पंखासुद्धा.
मग पुढच्या बाकावरची अनघा, हळूच:
"टीचर, आतला आवाज."
नियम माझाच होता.
एका रिकाम्या चिमट्यावर माझं नाव लिहिलं
आणि लावला लालवर.

सुट्टीनंतर खिडक्या लावायला आले तेव्हा
तो हिरव्यावर होता.
खाली चिठ्ठी, मोडक्या अक्षरात:
टीचरसाठी चार तारे भरले.
अर्धा तारा कमिशन.
खरोखरच एक तारा मधोमध फाडून
अर्धा त्याने ठेवून घेतला होता.

गुरुवारी संध्याकाळी एक्स्चेंजच्या रांगेत
माझ्या पुढे निळा डांगरी घातलेला माणूस,
कारखान्याची धूळ अजून भुवयांवर.
ओळख पटली तसा टोपी काढून म्हणाला,
"बाई, पोर तरास देतंय काय?
दोन ठेवून द्या. माझी ना नाही."

मी म्हटलं, हिशेबाला पक्का आहे.
त्याला ते तक्रारीसारखं वाटलं की कौतुकासारखं,
कळलं नाही. मलाही.
तो काचेपलीकडचे लाल आकडे बघत राहिला.
"आज पाठवू, का थांबू, बाई? चढेल?"

पर्समध्ये ताऱ्यांची नवी पट्टी होती,
शंभर तारे, सोनेरी, पाठीला डिंक.
मी म्हणणार होते, थांबा,
पण मागून कुणीतरी पुढे सरका म्हणालं
आणि आम्ही दोघं
शहाण्या मुलांसारखे
एक पाऊल पुढे सरकलो.